पोर्ट ब्लेअरला तीन-चार दिवस कसे घालवायचे : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडून अंदमानला जाणाऱ्यांचा प्लॅन बहुतेक एकाच छापाचा असतो. दुपारी पोर्ट ब्लेअरला उतरायचं, धावतपळत सेल्युलर जेल बघायचं, रात्री लाइट अँड साउंड शो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच हॅवलॉकची बोट. परत येताना एक रात्र परत तिथेच, पण ती बॅगा भरण्यात जाते. म्हणजे गाव बघितलंच नाही. हॅवलॉक-नील ही बेटं सुंदरच आहेत, त्याबद्दल वादच नाही, पण पोर्ट ब्लेअरच्या तीस किलोमीटरच्या आत जंगल, प्रवाळ, पडकी ब्रिटिश राजधानी, लाकडाची गिरणी, जपानी बंकर, सुनामीने बुडालेली शेतं हे सगळं आहे आणि बहुतेक जण याच्या शेजारून एसी गाडीतून निघून जातात. तर या गावाला निदान तीन पूर्ण दिवस द्या, चार दिलेत तर मजा. ते कसे लावायचे ते खाली लिहितोय.

आधी नावं नीट करून घ्या

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजय पुरम केलं. बोर्डांवर, तिकिटांवर आता हे नाव दिसेल, पण रिक्षावाला, हॉटेलवाला, दुकानदार सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात म्हणून मी पण तेच लिहितोय. त्याआधी २०१८ मध्ये रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, आणि २०२१ मध्ये माउंट हॅरिएटचं माउंट मणिपूर. ऑनलाइन बुकिंग करताना दोन्ही नावं टाकून शोधा, नाहीतर एकच जागा दोनदा प्लॅनमध्ये येते, असं खरंच होतं लोकांचं.

भारतीयांना पोर्ट ब्लेअरसाठी वेगळा परवाना लागत नाही. ओरिजिनल आधार किंवा मतदार ओळखपत्र मात्र कायम खिशात ठेवा, बोटीला, जंगलाच्या गेटला, सगळीकडे मागतात. दोन-तीन झेरॉक्स पण असू द्या.

पायरी १ : घड्याळ विसरा, सूर्य बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं. अंदमान मुंबईच्या जवळपास वीस रेखांश पूर्वेला आहे पण घड्याळ तेच, त्यामुळे तिथे पाचच्या आसपास उजाडतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या आगेमागे सूर्य बुडालेला असतो, साडेपाच म्हणजे काळोख. आपण सुट्टीवर गेलो की नऊला उठून आरामात नाश्ता करून साडेदहाला बाहेर पडतो ना, तसं केलंत तर अर्धा दिवस गेला समजा, शिवाय अकरा ते दोनचं ऊन आणि दमटपणा माणसाला पार निपचित करतो. सहाला बाहेर पडा, बाराला जेवा, दुपारी तासभर पडा, तीनला परत निघा. रात्री आठ-नऊनंतर गावात तसंही फार काही नसतं.

सीझन म्हणाल तर डिसेंबर ते एप्रिल. मे महिन्यात पाऊस चालू होतो आणि तो आपल्या कोकणासारखा सप्टेंबरला थांबत नाही, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत लोंबकळतो आणि त्याच सुमाराला बंगालच्या उपसागरात वादळंही होतात. वादळ आलं की बोटी बंद. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरला जाणाऱ्यांनी प्लॅनमध्ये एक मोकळा दिवस ठेवाच. उलट मार्च-एप्रिलला गेलात तर पाणी जपून वापरा, गावाला धनीखाडी धरणाचं पाणी येतं आणि कोरड्या महिन्यांत तिथल्या घरांना टंचाई असते, आपण तीन वेळा शॉवर घ्यायचा आणि शेजारच्या गल्लीत लोकांनी बादल्या लावून बसायचं हे बरं नाही.

पायरी २ : वार बघून मग दिवस लावा

साधारण असं आहे : सोमवारी म्युझियम बंद आणि जॉली बॉय बेटाची बोटही बंद, बुधवारी रॉस बंद, रविवारी चॅथमची लाकूड गिरणी बंद. सोमवारी जेलच्या भरवशावरही राहू नका, राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी तर नाहीच. हे वार आणि वेळा मधूनमधून बदलतात म्हणून पोचल्यावर पहिल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून नाहीतर पर्यटन खात्याच्या ऑफिसातून एकदा पक्कं करून घ्या. सोमवारी उतरत असाल तर तो दिवस चिडिया टापूला द्या, तो समुद्रकिनारा आहे, तो कुठे बंद होतोय.

पायरी ३ : उतरलात त्या दिवशी

विमानतळाचं नाव वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, शिंपल्याच्या आकाराचं नवीन टर्मिनल २०२३ मध्ये सुरू झालं. गाव चार-पाच किलोमीटरवर. रिक्षा मीटरने चालत नाहीत, बसायच्या आधी भाडं ठरवा. राहायला अ‍ॅबर्डीन बाजारच्या आसपास बघा, बंदर, बस स्टँड, खाणं सगळं जवळ पडतं. चारी दिवस कार ठरवायची गरज नाही. टीम लहान असेल तर भाड्याची स्कूटर बेस्ट, रस्ते चढउताराचे आहेत पण ट्रॅफिक आपल्यासारखं नाही, हेल्मेट मात्र घाला, पोलीस पकडतात.

पहिल्या दिवशी उगाच मोठं काही करू नका. चार वाजता कॉर्बिन्स कोव्हकडे निघा, गावापासून सातेक किलोमीटर, समुद्राला लागून जाणारा रस्ता आणि वाटेत कडेला काँक्रीटचे जपानी बंकर दिसतात. मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ ही बेटं जपान्यांकडे होती. बीच ठीकठाक आहे, खरं सांगायचं तर आपल्या तारकर्लीवाल्यांना काही विशेष वाटणार नाही, पण तो रस्ता छान आहे. पाण्यात उतरायचं तर जाळी लावलेल्या भागातच, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि "मगरीपासून सावध" हे बोर्ड शोभेला लावलेले नाहीत.

मग अंधार पडला की अ‍ॅबर्डीन बाजार पायी फिरा. घंटाघर, मशीद, तमिळ मेस, बंगाली मिठाई, मधेच एखादं मल्याळी दुकान. आणि बोलायची भाषा सगळ्यांची हिंदी, तीसुद्धा वेगळ्याच ठेक्याची. १८५८ मध्ये इंग्रजांनी इथे कैद्यांची वसाहत वसवली, शिक्षा भोगून काही वर्षं झालेल्या कैद्यांना जमीन द्यायचे, लग्नाची परवानगी द्यायचे, स्त्री कैदीही होत्या, त्यांच्यात जातधर्म प्रांत न बघता लग्नं झाली आणि त्यांची मुलंबाळं म्हणजे आजचे "लोकल बॉर्न" किंवा "प्री-४२" (म्हणजे १९४२ च्या आधीपासूनचे) म्हणवणारे लोक. नंतर फाळणीतले पूर्व बंगालचे निर्वासित आले, रांचीकडून आदिवासी मजूर आले, तमिळ, तेलुगू आले. केरळातल्या १९२१ च्या मोपला उठावातल्या कैद्यांनी तर आपल्या गावांची नावंच इथे आणली, त्यामुळे दक्षिण अंदमानात फिरताना कालिकत, मंजेरी, तिरूर असे बोर्ड लागतात. गप्पा मारायची आवड असेल तर चहाच्या टपरीवर "आप लोग मूल कहां के?" एवढंच विचारा, अर्धा तास निघाला.

जेवणाची चिंता नको. मासे खाणाऱ्यांची चंगळ, सुरमई, स्नॅपर, खेकडे, बंगाली रस्सा किंवा तमिळ पद्धतीचं फ्राय. शाकाहारी लोकांना इडली-डोसा-मील्स कुठेही मिळतं, फक्त भाज्या बऱ्याचशा जहाजाने येतात त्यामुळे भाव चढे असतात, कुरकुर करू नका.

पायरी ४ : जेल सकाळी, आणि घाई न करता

शो संध्याकाळी बघा पण जेल स्वतः सकाळी उघडल्या उघडल्या बघा. दुपारी ग्रुप टूरच्या बसेस लागल्या की कोठडीत उभं राहायला जागा नसते आणि प्रत्येकाला सेल्फी हवा असतो.

१८९६ ते १९०६ या काळात हे बांधलं, विटा ब्रह्मदेशातून आणल्या. मधे मनोरा आणि त्यातून निघालेल्या तीन मजली सात इमारती, सुमारे सातशे कोठड्या, प्रत्येकीत एक माणूस. मांडणी अशी की एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, त्यामुळे समोरच्या कैद्याचा चेहराच दिसायचा नाही. आता सातांपैकी तीनच उरल्यात, बाकीच्या काही जपान्यांच्या काळात, काही नंतर पाडल्या गेल्या आणि त्या जागेवर आज गोविंद वल्लभ पंत हॉस्पिटल आहे. १९७९ मध्ये मोरारजी देसाई पंतप्रधान असताना हे राष्ट्रीय स्मारक झालं.

मराठी माणूस आत गेला की सरळ वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या कोठडीकडे जातो, सावरकरांच्या. तिथे जरूर जा. १९११ ते १९२१ ते इथे होते, मोठे भाऊ बाबाराव त्यांच्या आधीपासून याच जेलमध्ये आणि बराच काळ दोघांची भेट नाही. त्या टोकाच्या कोठडीला जादाचं दार आहे ते बघा, आणि त्याच बाजूला खाली फाशीघर. पण तिथूनच परत फिरू नका ही विनंती. मधल्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं प्रांतवार कोरलीत, बंगाल आणि पंजाबच्या याद्या बघून आपल्याला किती कमी माहिती आहे ते कळतं. उल्हासकर दत्त इथल्या छळाने वेडे झाले, इंदुभूषण रॉयनी १९१२ मध्ये कोठडीतच जीव दिला, महावीर सिंग १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने दूध पाजताना गेले. अंगणातल्या शेडमध्ये कोलूचं (तेलाच्या घाण्याचं) मॉडेल आहे, दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायची सक्ती होती, ते मॉडेल बघितल्यावर आकडा समजतो. शेवटी गच्चीवर जा, समोर समुद्र आणि रॉस बेट. लहान मुलं बरोबर असतील तर एखादा गाइड घ्या, पाट्या वाचून मुलं कंटाळतात.

शोची तिकिटं सीझनला लवकर संपतात, हिंदीचा शो कोणत्या वेळेला आणि इंग्रजीचा कोणत्या, हे तिकीट काढताना बघून घ्या. पिंपळाच्या झाडाच्या तोंडून गोष्ट सांगितलीय. डासांसाठी ओडोमॉस.

पायरी ५ : रॉस

जेलपासून खाली उतरलं की वॉटर स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, तिथून बोट, दहा-पंधरा मिनिटांत रॉसवर. दुपारी तीनच्या आसपासचं ऊन कलल्यावर जाता आलं तर छान, शेवटची परतीची बोट किती वाजता ते आधी विचारा.

इंग्रजांचं सगळं सरकार या एवढ्याशा बेटावर होतं, ऐंशी-एक वर्षं. चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, बेकरी, छापखाना, टेनिस कोर्ट, समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना. जून १९४१ चा भूकंप आणि मग जपानी आले, त्यानंतर बेट ओस पडलं ते पडलंच. आता त्या भिंतींना वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी मुळ्यांनी असं आवळून धरलंय की झाड काढलं तर भिंत पडेल आणि भिंत काढली तर झाड. चर्चच्या मागून पायऱ्या उतरून दीपगृहाच्या बाजूला जा, टूरवाले सहसा तिथवर नेत नाहीत कारण चढून परत यावं लागतं. हरणं आणि मोर माणसाळलेले आहेत, हाताने बिस्किटं भरवू नका. ही हरणं मूळची अंदमानची नाहीतच, इंग्रजांनी आणलेली, आणि इथल्या जंगलाच्या नव्या रोपांची त्यांनी पार वाट लावलीय. ज्येष्ठांसाठी बॅटरीच्या गाड्या असतात.

रॉसबरोबर नॉर्थ बेचं कॉम्बो तिकीट गळ्यात मारायचा प्रयत्न होईल. सी वॉक, स्कूबा, काचेच्या तळाची बोट, सगळं एका किनाऱ्यावर कोंबलंय. ज्यांना पोहता येत नाही आणि एकदा पाण्याखाली बघायचंच आहे त्यांनी जावं, बाकीच्यांनी तो वेळ आणि पैसा पुढच्या पायरीसाठी ठेवावा.

पायरी ६ : वंडूर आणि जॉली बॉय

याला पूर्ण दिवस. वंडूर पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटर आणि तिथून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची बोट. १९८३ मध्ये झालेलं हे उद्यान पंधरा बेटांचं आहे, पर्यटकांना त्यातल्या दोनच बेटांवर आळीपाळीने सोडतात, साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय आणि उरलेल्या महिन्यांत रेड स्किन, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. वनखात्याचा परवाना आदल्या दिवशीच काढून ठेवा, सकाळी वंडूरला जाऊन मिळेल या आशेवर राहू नका.

प्लॅस्टिक अजिबात चालत नाही. बॅग उघडून बघतात, वेफर्सचं पाकीट, पाण्याची विकतची बाटली, काहीही नाही. स्टीलची बाटली आणि डब्यात खाणं न्या. कटकट वाटते पण तिथला किनारा बघितल्यावर पटतं. बोट तासभर खारफुटीच्या बेटांमधून जाते, तो प्रवासच अर्धी ट्रिप आहे, मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका. स्नॉर्कलिंग करताना प्रवाळावर पाय टेकायचा नाही, दमलात तर पाठीवर तरंगा. २०१० मध्ये पाणी तापून अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं, जे जगलंय किंवा नव्याने येतंय ते सावकाश वाढतं, एका लाथेत जातं.

वंडूरच्या वाटेवरच्या दोन गोष्टी गाडी थांबवल्याशिवाय दिसत नाहीत. पहिली सिप्पीघाट. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली, समुद्र आत आला आणि भातशेतं कायमची खाऱ्या पाण्याखाली गेली. आता तिथे पाणथळ झालीय आणि सकाळी बगळे, बदकं, खंड्या, नशीब असेल तर फक्त अंदमानात सापडणारं टील बदकही. दुर्बीण असेल तर न्याच. दुसरी हम्फ्रीगंजची बलिदान वेदी, ड्रायव्हरला विचारा. ३० जानेवारी १९४४ ला जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून ४४ स्थानिकांना इथे गोळ्या घातल्या. त्याच्या महिनाभर आधी, ३० डिसेंबर १९४३ ला, नेताजींनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला होता. दोन्ही तारखा एकत्र ठेवून बघितलं की त्या वर्षांबद्दल सोपं काही बोलता येत नाही.

पायरी ७ : चॅथम, माउंट मणिपूर, चिडिया टापू

हे एका दिवसात बसतं, पण सकाळी लवकर निघालात तरच. चॅथमची लाकूड गिरणी १८८३ ची, अजून चालू आहे. पडौक या इथल्या झाडाचा लालसर ओंडका करवतीखाली जाताना बघायला मला तरी जेलच्या शोपेक्षा जास्त मजा आली, वास तर अप्रतिम. आवारात १९४२ च्या जपानी बॉम्बचा खड्डा जपून ठेवलाय. तिथूनच गाड्या नेणारी फेरी बांबू फ्लॅटला जाते, स्कूटर चढवा आणि पलीकडे माउंट मणिपूर. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराजा कुलचंद्र आणि त्यांच्या साथीदारांना इथे काळ्या पाण्यावर ठेवलं होतं म्हणून हे नाव. याच डोंगराच्या पायथ्याच्या होपटाउन जेट्टीवर ८ फेब्रुवारी १८७२ ला शेर अली आफ्रिदी या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकलं.

वर वनखात्याचं गेट, तिकीट, मग दाट जंगल. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेच्या मागे जे नारळ आणि समुद्राचं चित्र होतं ना, ते याच डोंगरावरून दिसणारं नॉर्थ बे आणि तिथलं दीपगृह. लोक नोट घेऊन नॉर्थ बेलाच फोटो काढायला जातात, तिथून तो अँगल मिळूच शकत नाही. (नव्या नोटेवर आपलं वेरूळ आलंय, त्यामुळे जुनी नोट घरूनच शोधून न्या.) ट्रेलवर चालायचं तर पूर्ण पँट, पावसाळ्यात जळवा असतात.

दुपारी परत येऊन चिडिया टापू, दुसऱ्या टोकाला पंचवीस किलोमीटर. साडेतीनच्या आत पोर्ट ब्लेअर सोडा, सूर्यास्त तुमची वाट बघत नाही. किनाऱ्यावर सुनामीत उन्मळलेली मोठाली झाडं अजून पडलेली दिसतात. मुंडा पहाडची वाट दीडेक किलोमीटर, जंगलातून कड्यापर्यंत, ती करायची असेल तर अजून तासभर आधी या. परतीचा रस्ता जंगलातला, वळणांचा आणि अंधारा, स्कूटरचा दिवा चालू आहे ना ते निघायच्या आधीच बघा.

बाराटांगचं काय?

सगळे विचारतात. शंभर किलोमीटर उत्तरेला चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. जिरकाटांग चेकपोस्टवरून गाड्यांचा ताफा सुटतो, पहिल्या ताफ्यासाठी रात्री तीन-साडेतीनला निघावं लागतं. खारफुटीतून स्पीडबोटीने गुहेकडे जाणं मस्त आहे, चिखलाचा ज्वालामुखी म्हणजे बुडबुडे येणारा थंड चिखल, फार अपेक्षा ठेवू नका. खरी अडचण वेगळी आहे. हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे, त्यासाठी १९५६ पासूनचा कायदा आहे, आणि तरीही काही एजंट डोळा मारून "जारवा दिखेगा" म्हणतात. असं म्हणणाऱ्याकडून बुकिंग करू नका. मला विचाराल तर पहिल्या ट्रिपमध्ये बाराटांग सोडून द्या, तो दिवस वंडूरला द्या.

निघताना

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरून उचलून बॅगेत टाकू नका, मेलेलं प्रवाळसुद्धा नाही. वन्यजीव कायद्यात बसतं आणि विमानतळावर स्कॅनिंगला बॅग उघडायला लावतात, लहान मुलांच्या खिशातले पण निघतात. हौस असेल तर सागरिका या सरकारी एम्पोरियममधून घ्या आणि बिल हँडबॅगेत ठेवा, पडौकच्या वस्तूंचंही तसंच. स्कूबा केलं असेल तर विमानाच्या आधी निदान चोवीस तास मधे जाऊ द्या. आणि हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचंच विमान पकडायचा प्लॅन कोणी दिला तर तो बदला, समुद्र खवळला की बोट रद्द होते आणि विमान थांबत नाही, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा.